घर त्याचं, हप्ता तिचा

राहत्या घराच्या दारावर जप्तीची नोटीस लागली की तिला 'बँकेचं प्रकरण' म्हणायची आपल्याला सवय आहे. मारहाण झालेली बाई दारात आली, तर आपल्या कार्यकर्त्या रात्री अकरालाही पोलिस स्टेशन गाठतात. पोटगी, सोडचिठ्ठी, हुंडा, दारू या प्रत्येक बाबतीत आपल्याकडे अनुभव आहे, कलमं पाठ आहेत, वकिलांचे पत्ते आहेत. पण एखादी बाई इंग्रजी कागदाची घडी उलगडून विचारते, "ताई, घराले कुलूप लावतो म्हणते, आता का करू?" तेव्हा आपण तिला सांगतो, बँकेत जाऊन मॅनेजरला भेट. मॅनेजर सांगतो, केस नागपूरला गेली. नागपूरला म्हणजे कुठे, कुणाकडे, हे तिला कुणीच सांगत नाही.

मी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत बायकांच्या गटांबरोबर काम करते. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला 'रेफरल' शिकवलं होतं. आपल्या आवाक्याबाहेरचा प्रश्न असला तर बाईला योग्य ठिकाणी पाठवायचं. राहतं घर वाचवायचं तर ते 'योग्य ठिकाण' कुठलं, हे शोधताना माझं एक मत पक्कं झालं आहे. मदतीची तरतूद कायद्यात आहे. पण ती मोजून दिलेल्या दिवसांची आहे, कुठे ६० दिवस, कुठे ४५. आणि हे दिवस बाईचे बँकेत, कलेक्टर कचेरीत, पुढाऱ्याच्या घरी आणि आपल्या संघटनांच्या कार्यालयांत हेलपाटे घालण्यात संपतात. तिला वेळेवर योग्य दारात नेणं हे स्त्री-चळवळीचं काम आहे. 'आर्थिक बाब' म्हणून हात झटकणं आता पुरे झालं.

सहीपुरती बाई

घर बहुधा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतं. कर्ज देताना मात्र बायकोला 'सहकर्जदार' करून घेतात. तिची सही पंधरा-वीस पानांवर होते. कागद इंग्रजीत असतात. रक्कम किती, मुदत किती, व्याज बदलतं की स्थिर, यातलं काहीही तिला कुणी वाचून दाखवत नाही. आपलं घर गहाण पडलं आहे हे पहिल्यांदा नोटिशीतूनच कळलं, असं सांगणाऱ्या बायका मला बल्लारपुरात भेटल्या, ब्रह्मपुरीत भेटल्या, देसाईगंजात भेटल्या.

सहकर्जदार याचा अर्थ पूर्ण कर्जाची जबाबदारी. अर्ध्याची नव्हे. नवरा निघून गेला, त्याने दुसरी केली, तो दारूत बुडाला, वारला, तरी हप्ता तिच्याकडून वसूल होणार. घराच्या मालकीत मात्र तिचं नाव असेलच असं नाही. म्हणजे घर त्याचं आणि कर्ज दोघांचं. तो नसला की घर सासरच्यांचं आणि कर्ज तिचं एकटीचं.

बाईचं नाव घरावर लागावं म्हणून आपण पुष्कळ झगडलो. महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ साली आलं. २००३ साली 'घर दोघांचे' आलं आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नवरा-बायको दोघांची नावं लावायची ठरली. आज प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल बाईच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने मिळतं. बाईच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हे सगळं हवंच होतं. पण नाव लागलं म्हणजे निर्णय हातात आला असं झालेलं नाही. तिच्या नावावरचं घर गहाण टाकायचं असेल तर तिची सही लागते, आणि ती सही मिळवणं आपल्या समाजात किती सोपं आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

इथे एक कलम आपण फारसं वापरत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचं कलम १९. राहतं घर विकू नये, त्यावर बोजा चढवू नये, असा आदेश दंडाधिकारी नवऱ्याला देऊ शकतो. मारहाणीची तक्रार लिहिताना आपण संरक्षण मागतो, पोटगी मागतो, पण 'घर गहाण टाकू नये' हे मागायचं राहून जातं. गहाणखत झाल्यावर बँक म्हणते, तुमच्या घरगुती भांडणाशी आमचा संबंध नाही. म्हणून हे आधी मागायला हवं.

आदिवासी बाईची अडचण आणखी मागून सुरू होते. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. रूढीच्या नावाखाली मुलीला आणि विधवेला वाटा नाकारला जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला, की केवळ बाई म्हणून वाटा नाकारणं समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. आपल्याकडच्या गोंड बायांपर्यंत हा निकाल कुणी पोचवला? ज्या घरावर हक्कच सिद्ध नाही, ते वाचवायला ती कुठल्या नात्याने उभी राहणार?

हंगाम जंगलाचा, हप्ता पाच तारखेचा

आपल्या दोन जिल्ह्यांत पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. मे महिन्यात तेंदूपानाचे पंधरा-वीस दिवस. पावसाळ्यात रोवणीची मजुरी. दिवाळीनंतर धान. मधल्या काळात बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि घरी म्हातारी माणसं उरतात. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज 'अनुत्पादक' ठरतं. ज्या घरात तीन महिने पैसा न येणं ही नेहमीची गोष्ट आहे, ते घर थकबाकीदार ठरायला कुणी उधळपट्टी करावी लागत नाही. वर्ष जसं जातं तसं गेलं तरी पुरे.

नोटीस अशा वेळी येते की बाई गावात नसते. पाकीट शेजारी घेतो, किंवा पोस्टमन परत नेतो. ती दोन महिन्यांनी मिरची तोडून येते तेव्हा साठ दिवस संपलेले असतात.

कागद कुणाचा, ते आधी ओळखा

'घर जप्त करू' हे चार वेगवेगळे लोक म्हणतात. चौघांचे अधिकार वेगळे आणि चौघांविरुद्ध जायची जागाही वेगळी. मदत शोधणारी बाई इथेच पहिल्यांदा चुकवली जाते. म्हणून हे नीट लिहिते.

पहिली, छोट्या कर्जाची कंपनी, म्हणजे मायक्रोफायनान्स. गटात बसवून, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या हप्त्याने पैसे देणारी. हिचे वसुलीवाले सर्रास म्हणतात, घराला कुलूप ठोकू. त्यांना तो अधिकारच नाही. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या नियमांनुसार हे कर्ज विनातारण असतं. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ते मिळतं, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. रात्री ओट्यावर ठाण मांडून बसणारा वसुलीवाला नियम मोडतो आहे. त्याचं नाव, वेळ, बोलणं लिहून ठेवा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०१० साली शेजारच्या आंध्रात या वसुलीपायी आत्महत्या झाल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. नोटाबंदीनंतर विदर्भातल्या बायकांनी याच कंपन्यांविरुद्ध मोर्चे काढले. त्या मोर्चांनी भीती थोडी मोडली. पण वस्तीवस्तीत बाईला अजूनही वाटतं की घर जाणार, आणि त्या भीतीपोटी ती दुसऱ्या कंपनीकडून किंवा सावकाराकडून पैसे घेऊन पहिलीचे फेडते. खरं घर जाण्याची सुरुवात तिथे होते.

दुसरा, सावकार. तो गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. 'पैसे दिले की परत फिरवू' असं तोंडी सांगतो. कोऱ्या स्टँपपेपरवर सह्या घेतो. डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सावकाराच्या तगाद्यापायी मूत्रपिंड विकल्याची बातमी आली, तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नाही, दामदुपटीचा जुना नियमच या कायद्यात आहे. सावकारीच्या व्यवहारात घर किंवा जमीन गेली असेल आणि व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर ते खरेदीखत अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. जमीन आदिवासीची असेल आणि बिगरआदिवासीकडे गेली असेल, तर जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय झालेला व्यवहार जमीन महसूल संहितेतच बसत नाही. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तेंदू आणि बांबू स्वतः विकणाऱ्या ग्रामसभा आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांतल्या किती ग्रामसभांनी गावातल्या सावकाराला उभं करून हिशेब मागितला?

तिसरी, पतसंस्था. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेते आणि मग वसुली अधिकारी जप्तीला येतो. इथे महत्त्वाचा दिवस दाखला निघण्याच्या आधीचा, सुनावणीचा. त्या दिवशी हजर राहून हिशेबाचा उतारा मागायचा, भरलेल्या पावत्या दाखवायच्या. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध दाद मागायची तर थकबाकीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती असती तर बाई तिथे आलीच कशाला असती?

चौथी, बँक आणि गृहकर्जाची मोठी कंपनी. घर गहाण असेल तर २००२ चा सरफेसी कायदा लागतो. मे २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सहकारी बँकांनाही तो वापरता येतो हे पक्कं झालं. यात कोर्टात न जाता घराचा ताबा घेता येतो. म्हणून दिवस मोजणं सर्वांत जास्त इथे लागतं.

आधी ६० दिवसांची मागणी नोटीस येते. या मुदतीत लेखी हरकत घ्यायची. मिळालेल्या हरकतीला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. हरकत पोस्टाने रजिस्टर करूनच पाठवा, तोंडी बोलण्याला किंमत नाही. त्यानंतर ताब्याची नोटीस दारावर लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. तिथून ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे नागपूरच्या डी.आर.टी.कडे अर्ज करता येतो. हा अर्ज कर्जदारानेच करावा असं नाही. कर्जावर सही नसलेली बायकोसुद्धा 'बाधित व्यक्ती' म्हणून अर्ज करू शकते. अर्जासाठी थकबाकीचा हिस्सा आधी भरावा लागत नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. संपूर्ण थकबाकी भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो, म्हणून 'लिलावाच्या दिवशी बघू' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

हा कायदा कुठे लागू नाही तेही पाहा. येणं एक लाखापेक्षा जास्त नसेल तिथे नाही. मुद्दल-व्याज मिळून वीस टक्क्यांहून कमी बाकी राहिली असेल तिथे नाही. शेतजमिनीच्या तारणाला नाही. आणि नवरा वारला असेल, तर कर्ज देताना विम्याचा हप्ता कापला होता का, हे सर्वांत आधी विचारा. कर्जाचा विमा असताना विधवेकडून हप्ते मागितले जातात, कारण विम्याचा कागद तिने कधी पाहिलेलाच नसतो.

मोर्चा कुठल्या दारावर?

आपली सवय कलेक्टर कचेरीची. निवेदन, धरणं, शिष्टमंडळ. दारूच्या प्रश्नावर चंद्रपूरच्या बायका डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानभवनापर्यंत चालत गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०२१ साली ती उठवली गेली ती गोष्ट वेगळी, पण बायका चालत गेल्या की सरकार हलतं हे त्यांनी दाखवलं. सरफेसीच्या बाबतीत मात्र कलेक्टर साहेब हलू शकत नाहीत. कलम १४ खाली बँक त्यांच्याकडे ताब्यासाठी पोलिस आणि महसूल मदत मागते. त्यांनी फक्त कागद पुरे आहेत का ते पाहायचं. कर्ज खरं की खोटं, बाई कुठे जाईल, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही. ते निवेदन घेतात, चहा विचारतात, 'बघतो' म्हणतात. तेवढ्यात ४५ दिवस जातात.

खरं दार नागपूरला आहे. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास, तिथून नागपूर आणखी दीडशेच्या वर. एका तारखेला दोन दिवसांची मजुरी, बसभाडं आणि वकिलाची फी. ज्यांच्याकडे हे आहे त्यांचीच घरं वाचतात. पण इथेही कायदा आपल्या बाजूचा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्या कायद्यात 'न्यायालय' म्हणजे न्यायाधिकरणसुद्धा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आपण पोटगीसाठी जातो. डी.आर.टी.साठी वकील मागायला किती जणी गेल्या?

"ऐपत नव्हती तर कर्ज काढलंच कशाला?"

हा प्रश्न आपल्या बैठकांतही येतो. त्याचं उत्तर बाईच्या वहीत असतं. घरकुलाचं अनुदान हप्त्याहप्त्याने येतं. भिंती उभ्या राहतात, पुढचा हप्ता अडतो, पावसाळा तोंडावर येतो, मग स्लॅबसाठी पैसे काढले जातात. नवऱ्याला नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं, तेव्हा घरावर कर्ज काढलं जातं. बापाने सोडलेल्या मुलीला नर्सिंगला घालायचं असतं. 'बायका कर्ज बुडवत नाहीत' असं म्हणून ज्यांनी तिच्या दारात येऊन कर्ज दिलं, तेच आज तिला बेजबाबदार म्हणतात. उत्पन्न न पाहता, कागद न समजावता कर्ज देणाऱ्याच्या जबाबदारीचं काय?

आणि गरिबाचं राहतं घर वाचवावं हा विचार काही आपण आज नव्याने मांडत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकरी, मजूर आणि घरकाम करणाऱ्याचं राहतं घर साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नाही. हे संरक्षण आजही आहे. गहाणखतावर सही केली की त्या कर्जापुरतं ते हातचं जातं. म्हणजे न वाचता केलेली ती एक सही शंभर वर्षांहून जुना हक्क सोडून देते. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले आणि १८७९ साली इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ साली ग्रामदानाच्या कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेला दिल्या, त्या बाहेरच्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून. लोक एकत्र आले तेव्हाच घरदार वाचवायची सोय झाली आहे.

आपलं काम, आपल्या मागण्या

आपल्या प्रत्येक केंद्रात आठवड्यातला एक दिवस कागद वाचायचा ठेवावा. वकील नसला तरी चालेल. कागद कुणाचा, तारीख कोणती, किती दिवस उरले, एवढं त्याच दिवशी बाईच्या वहीत लिहून द्यावं. जी बाई मिरचीला जाणार, तिने आपली टपाल घेणारी मैत्रीण गटात सांगून जावं. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रत्येक अर्जात घर गहाण न टाकण्याचा आदेश मागावा. नमुना ८ चा उतारा काढून तिचं नाव आहे का ते पाहावं.

सरकारकडे, रिझर्व्ह बँकेकडे आणि न्यायव्यवस्थेकडे आपल्या मागण्या अशा :

१. गहाणखत आणि जप्तीची प्रत्येक नोटीस मराठीत, आणि जिथे गोंडी बोलतात तिथे समजावून सांगूनच द्यावी. कर्जदाराला कळेल अशा भाषेत व्यवहार करा, हे रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना सांगितलेलंच आहे.

२. राहत्या घराचा ताबा घेण्यापूर्वी त्या घरातल्या बाईचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक करावं, मग तिची कर्जावर सही असो वा नसो.

३. डी.आर.टी.ने चंद्रपूर आणि गडचिरोलीत ठराविक दिवशी बसावं. दोन्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी त्यासाठी वेगळे वकील नेमावेत.

४. जंगलावर जगणाऱ्या कुटुंबांचे हप्ते तेंदू आणि धानाच्या हंगामाशी जोडावेत.

५. जिल्हा उपनिबंधकांकडे सावकारीचे किती अर्ज आले, किती घरं परत मिळाली, हे दरवर्षी ग्रामसभेपुढे जाहीर करावं.

मैत्रिणींनो, या अंकाचं वाचन तुमच्या गटात कराल तेव्हा बायकांना एवढंच विचारा, घरी बँकेचा, कंपनीचा, पतसंस्थेचा न उघडलेला लिफाफा आहे का? असेल तर तो पुढच्या बैठकीला घेऊन या म्हणावं. आणि पाकिटावरची पोस्टाची तारीख फाडू नका, दिवस कदाचित तिथूनच मोजावे लागतील.